केमो चालू असताना काढा, हळद, योग: काय चालेल आणि काय थांबवायचं

कराडहून एका ताईंनी विचारलं आहे. आईचं वय ५८. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठींतही थोडा आजार सापडला, म्हणून आठ केमो ठरल्या. त्यातल्या दोन झाल्या आहेत. पुढे हॉर्मोनच्या गोळ्याही लागणार आहेत. घरात सध्या रोज गुळवेलीचा काढा, हळदीच्या कॅप्सूल आणि उपाशीपोटी गव्हांकुराचा रस चालू आहे. मामींचं म्हणणं, केमो थांबवून एका वैद्यांकडे जाऊ, त्यांच्या ओळखीतल्या एक बाई तिथेच बऱ्या झाल्या. डॉक्टरांना विचारलं तर ते चिडले, त्यामुळे आता त्यांना काही सांगितलेलं नाही. यातलं खरं काय, द्यायचं काय आणि बंद काय करायचं?

ताई, मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती तुमच्या त्या वाक्याची, की आता डॉक्टरांना काही सांगितलेलं नाही. काढा, हळद, रस यांच्याबद्दल पुढे एकेक करून सांगतेच. पण वीसेक वर्षं केमोच्या वॉर्डात काढल्यावर माझी खात्री झाली आहे की घरात दिल्या जाणाऱ्या वस्तूंपेक्षा त्या लपवल्याने जास्त नुकसान होतं.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे बारामतीच्या बाजूच्या एक मावशी होत्या. तिसऱ्या केमोच्या आधी रक्त तपासलं तर बिलिरुबिन वाढलेलं, डोळे पिवळे. केमो पुढे ढकलली. मी तीनदा विचारलं, दुसरं काही औषध घेता का? तिन्ही वेळा उत्तर आलं, नाही. आम्ही सोनोग्राफी केली, काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या केल्या, यकृताच्या डॉक्टरांना दाखवलं. केमोच्याच औषधाने यकृत बिघडलं असेल असं धरून औषध बदलायचंही ठरत आलं होतं. तेव्हा त्यांचे जावई खाली जाऊन स्कूटरच्या डिकीतून एक काचेची बाटली घेऊन आले. हिरवट काळं पाणी, झाकणाला कापडाची चिंधी. गुळवेलीचा काढा, दोन महिन्यांपासून, दिवसातून दोनदा. मावशी म्हणाल्या, "ते औषध कुठंय, काढाय." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी औषध म्हणजे दवाखान्यातलं. काढा बंद केल्यावर आकडे हळूहळू उतरले, पण उपचाराचे जवळजवळ पाच आठवडे हातचे गेले. तेव्हापासून मी "औषध" हा शब्द वापरून विचारत नाही. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं ते सांगा, असं विचारते, आणि पुढच्या खेपेला सगळ्या डब्या-बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगते.

पूर्वी मीही चिडायचे. "हे सगळं फेकून द्या" असं म्हटलेलं मला आठवतं. त्याने कुणी काही फेकलं नाही, फक्त मला सांगणं थांबवलं. तुमच्या डॉक्टरांचंही तसंच झालं असावं. ओपीडीत साठ पेशंट बाहेर बसलेले असताना माणूस तुटक बोलतो. तुम्ही पुन्हा विचारा.

आता गुळवेल. कोविडच्या काळात घरोघरी तिचा काढा सुरू झाला. २०२० च्या अखेरीस मुंबईच्या यकृततज्ज्ञांना चार महिन्यांत असे सहा रुग्ण दिसले, ज्यांच्या यकृताला गुळवेल घेतल्यानंतर इजा झाली होती. पुढे देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. इजेचं स्वरूप असं की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उठते. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. खरी गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीमुळे हे होत असावं, असं त्यांचं म्हणणं. हा वाद बाजूला ठेवला तरी तुमच्यापुरता प्रश्न उरतोच. शेजारच्या कुंपणावरून तोडून आणलेली वेल नेमकी कोणती, हे ओळखणार कोण? आणि तुमच्या आईला जी औषधं चालू आहेत त्यांतली बरीचशी यकृतातूनच बाहेर पडतात. यकृत दमलेलं असलं की तीच मात्रा शरीरात जास्त वेळ राहते आणि जास्त जाळते. म्हणून काढा आजपासून बंद करा. पुढच्या केमोच्या आधी सीबीसीबरोबर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीबरोबर, यकृताची तपासणी, म्हणजे एलएफटी, होते आहे ना, ते बघा.

हळदीच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. भाजीत, वरणात, दुधात चिमूटभर पडणारी हळद बिनधास्त चालू द्या. कॅप्सूल मात्र वेगळी. हळदीतलं कुरकुमीन आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही, म्हणून कंपन्या त्यात मिरीचा अर्क घालतात. मिरीतलं पायपरीन कुरकुमीनला आत शिरू देतं, पण त्याच दाराने ते इतर औषधांच्या यकृतातल्या हिशोबातही ढवळाढवळ करतं. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेन ही हॉर्मोनची गोळी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हे मोजून पाहिलं आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. हळद-मिरीच्या कॅप्सूल बरोबर दिल्या तेव्हा टॅमॉक्सिफेनपासून शरीरात तयार होणाऱ्या मुख्य कामाच्या घटकाची पातळी सुमारे १२ टक्क्यांनी उतरली. अभ्यास लहान होता, स्त्रिया वीसच्याही आत. पण जी गोळी पाच-दहा वर्षं रोज घ्यायची, तिचं बळ कमी करणारी गोष्ट मी तरी कुणाला मुद्दाम देणार नाही. शिवाय जास्त मात्रेच्या हळदीच्या कॅप्सूलनेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

हळदीविषयी बोलताना लोक मला अमेरिकेच्या पेटंटची आठवण देतात. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याविरुद्ध लढा दिला आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. मला त्या लढाईचा अभिमान आहे. पण तिथे सिद्ध काय झालं? हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून होतं, नवा शोध नव्हता, एवढंच. हळदीने कर्करोग बरा होतो का, हा प्रश्न तिथे कुणी विचारलाच नव्हता.

गव्हांकुराचा रस. केमोत त्याचा उपयोग होतो का यावर छोटे अभ्यास झाले आहेत, पण भिस्त ठेवावी असं त्यांतून काही हाती लागलेलं नाही. माझी अडचण रसापेक्षा तो कच्चा असण्याची आहे. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला जातात. मातीत, ट्रेमध्ये उगवलेले अंकुर न उकळता वाटून त्या दिवसांत पोटात गेले, तर एरवी जे जंतू पचून गेले असते ते रक्तात जाऊ शकतात. बाहेरचा उसाचा रस, कच्च्या कोशिंबिरी, मोड आलेली कच्ची कडधान्यं यांनाही हेच लागू. मटकीची उसळ शिजवून खुशाल द्या. आणि घरात थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की गोळी देऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात जायचं.

आता मामींचं म्हणणं. त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी एक बाई बऱ्या झालेल्या पाहिल्या आहेत आणि ते खरंही असेल. पण त्या बाईंचं ऑपरेशन झालं होतं का, हे विचारा. बहुतेक वेळा झालेलं असतं. गाठ काढल्यावर काही जणींचा आजार तिथेच संपतो, पुढे काहीही दिलं नाही तरी परत येत नाही. काहींच्या शरीरात मात्र न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असतात आणि केमो असते ती त्यांच्यासाठी. कोण कुठल्या गटात हे आज कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. ऑपरेशननंतर केमो नाकारून काढा घेतला आणि दहा वर्षांनी ठणठणीत आहे, अशी बाई गावात दिसते, बोलते. जिचा आजार तीन वर्षांनी हाडांत निघाला, तिच्याबद्दल लग्नकार्यात कुणी सांगत नाही.

गोष्टींऐवजी आकडे पाहायचे तर अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तिथल्या राष्ट्रीय नोंदींमधून न पसरलेल्या कर्करोगाचे असे २८१ रुग्ण शोधले, ज्यांनी नेहमीचा उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतले. तशाच वयाच्या, तशाच टप्प्यातल्या इतर रुग्णांशी तुलना केली तेव्हा त्यांच्यातला मृत्यूचा धोका अडीचपट निघाला. नुसता स्तनाचा कर्करोग घेतला तर साडेपाचपटींहून जास्त. याच गटाचा २०१८ मधला दुसरा अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो तुमच्यासारख्या घरांबद्दल आहे. या दुसऱ्या अभ्यासातल्या २५८ रुग्णांनी दोन्ही घेतलं होतं, दवाखान्यातलंही आणि बाहेरचंही. तरीही मृत्यूचा धोका दुप्पट होता. काढ्यात विष होतं म्हणून नव्हे. या रुग्णांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्शाने केमो नाकारली होती, निम्म्याहून जास्त जणांनी रेडिएशन नाकारलं होतं. ती सुटलेली उपचारांची पायरी हिशोबात धरली की फरक जवळजवळ मिटत होता. हे अभ्यास चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडून केलेले नाहीत, तसे करताही येणार नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. जोडीला काहीतरी घेतलं की मनाला वाटतं आपण पुरेसं करतो आहोत, आणि मग एक केमो राहते, रेडिएशनची तारीख चुकते.

मामी कदाचित म्हणतील, तुमची औषधं तरी कुठून आली, झाडांतूनच ना? अगदी खरं. अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन निघाली, लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही व्हिन्क्रिस्टिन लागतं. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे, त्याच्या लाकडात कॅम्पटोथेसिन असतं, आणि त्यापासून आतड्याच्या कर्करोगावरचं इरिनोटेकॅन बनवतात. कोकणातल्या जंगलातून त्याची चोरटी तोड होते ती यासाठीच. तुमच्या आईला शेवटच्या चार केमोंत पॅक्लिटॅक्सेल असेल, तर तेही मुळात एका झाडाच्या सालीतून मिळालेलं. पण व्हिन्क्रिस्टिन आम्ही एका वेळी जास्तीत जास्त २ मिलीग्रॅम देतो, तेही फक्त शिरेतून. चिमटीतही धरता येणार नाही इतकं कमी. त्याहून जास्त झालं तर नसा लुळ्या पडतात. सदाफुलीची मूठभर पानं वाटून प्यायली तर त्यात ते किती आलं, पोटातून रक्तात किती गेलं, याचा काहीच पत्ता लागत नाही.

सर्पगंधेची गोष्टही अशीच. वैद्य ती पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना दिली, दाब मोजत गेले, आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात तो निबंध छापून आला. त्यानंतर जगभर सर्पगंधा आणि तिच्यातलं रेसर्पिन वापरलं गेलं. वापरताना रुग्णांना नैराश्य येतं हेही लक्षात आलं, आणि पुढे अधिक चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. मला या इतिहासात परंपरेचा अपमान कुठेच दिसत नाही. परंपरेने जागा दाखवली, मोजमापाने किती आणि कुणाला ते ठरवलं.

म्हणूनच "आयुर्वेद चालतो का", "ॲक्युपंक्चर चालतं का" असा प्रश्न मला विचारला की मी तो परत करते. कशासाठी? कुठल्या त्रासावर? पुरावा अख्ख्या पद्धतीचा नसतो, एका ठरावीक गोष्टीचा एका ठरावीक तक्रारीवर असतो. उपचारांच्या जोडीला द्यायच्या अशा काही गोष्टींना चांगला पुरावा आहे, आणि त्या मी स्वतः लिहून देते.

मळमळ. आल्याचा उपयोग होतो. अमेरिकेत ५७६ रुग्णांच्या चाचणीत रोज अर्धा ते एक ग्रॅम आलं नेहमीच्या उलटीच्या गोळ्यांबरोबर दिलं, तेव्हा केमोच्या दिवसाची मळमळ कमी झाली. गोळ्यांच्या जागी नव्हे, गोळ्यांबरोबर. नंतरच्या सगळ्याच चाचण्यांत इतका फरक दिसला नाही, पण आल्याचा चहा किंवा आलेपाकाची वडी द्यायला माझी हरकत नाही. प्लेटलेट फार खाली असतील तेव्हा मात्र आल्याचा मारा नको. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटं, दोन स्नायुबंधांच्या मधे दाबायची एक जागा आहे, ॲक्युपंक्चरवाले ती वापरतात. तिथे दोन-तीन मिनिटं दाबून धरलं की काही जणींना बरं वाटतं. खर्च नाही, धोका नाही, करून बघा.

सांधेदुखी. हॉर्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या, लेट्रोझोलसारख्या, की सकाळी बोटं आखडतात, गुडघे दुखतात. या दुखण्याला कंटाळून बायका गोळी सोडतात आणि ते मला फार लागतं, कारण ती गोळी आयुष्य वाढवते. इथे ॲक्युपंक्चरची नीट चाचणी झाली आहे. २२६ स्त्रिया, तीन गट: एकाला खऱ्या जागी सुया, दुसऱ्याला भलत्या जागी वरवर टोचलेल्या, तिसऱ्याला काहीच नाही. सहा आठवड्यांनी खऱ्या सुयांच्या गटात वेदना दहाच्या मापावर साधारण दोनाने उतरली, बाकी दोन्हींत एकाने. फरक मोठा नाही, पण आहे, आणि गोळी चालू ठेवायला तेवढा पुरतो. कर्करोगतज्ज्ञांच्या २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत या दुखण्यावर ॲक्युपंक्चर घेतलं गेलं आहे. सुया एकदाच वापरायच्या हव्यात, आणि काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हातावर टोचू नयेत. त्याच हाताला जोरकस मालीशही नको, हात सुजतो.

झोप आणि थकवा. इथे योग खरंच उपयोगी आहे. उपचार संपलेल्या ४१० जणांच्या चाचणीत चार आठवडे, आठवड्यातून दोनदा सौम्य योग केला त्यांची झोप सुधारली आणि झोपेच्या गोळ्या कमी लागल्या. कपालभाती, शीर्षासन असलं काही नाही. सावकाश श्वास, हलके ताण, शवासन. योगाने गाठ विरघळते असं कुणी म्हणालं, तर तिथून निघून या.

चालण्याबद्दल मी सगळ्यात आग्रही आहे. २०२५ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची केमो संपलेले ८८९ रुग्ण, निम्म्यांना नुसती माहितीपुस्तिका, निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम. पाच वर्षांनी आजार परत न आलेले ७४ टक्के विरुद्ध ८० टक्के. आठ वर्षांनी जिवंत असलेले ८३ विरुद्ध ९०. एखाद्या नव्या औषधाने एवढं केलं असतं तर पहिल्या पानावर बातमी आली असती. हा आजार वेगळा आहे, आकडे जसेच्या तसे तुमच्या आईला लावता येणार नाहीत, पण केमोतला थकवा चालण्याने कमी होतो हे स्तनाच्या कर्करोगातही अनेकदा दिसलं आहे. "थकलीय, झोपू द्या" असं म्हणून आपण प्रेमाने माणसाला आणखी थकवतो.

भस्मांना मात्र केमोच्या काळात ठाम नकार. बॉस्टनमधल्या भारतीय दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, २००४ सालची गोष्ट. परदेशातली मुलं आईवडिलांना पाठवतात ते डबेही यात आले. जर्दाळूच्या बियांचं तथाकथित "जीवनसत्त्व बी-१७" फोनवर अजून फिरतं. ते १७८ रुग्णांवर तपासून १९८२ मध्येच निकालात निघालं आहे. एकही बरा झाला नाही आणि काहींच्या रक्तात सायनाइड चढलं. औषधाच्या दुकानातली टॉनिकंही निरुपद्रवी समजू नका. केमोने हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून ॲसिटिल-एल-कार्निटिन ४०९ स्त्रियांना देऊन पाहिलं, तर मुंग्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. पॅक्लिटॅक्सेल सुरू होईल तेव्हा कुणी "नसांची गोळी" दिली तर आधी घटक वाचा. आणि कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करणं आपल्याकडे १९५४ पासून कायद्याने गुन्हा आहे. तशी पाटी किंवा पत्रक दिसलं तर तेवढ्यावरूनच तो माणूस ओळखा.

चांगले वैद्य मी पाहिले आहेत. पुण्यातले एकजण रुग्णाला काही द्यायच्या आधी मला फोन करतात, कुठली केमो, कितवा दिवस ते विचारतात, आणि बहुतेक वेळा फक्त आहार आणि तोंड आल्यावर गुळण्या सांगून परत पाठवतात. मामींच्या वैद्यांकडे जायचंच असेल तर एकच अट घाला, त्यांनी आईच्या डॉक्टरांशी बोलायला तयार असावं. जे केमो थांबवायला सांगतात त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नका.

पुढच्या केमोला जाताना सगळं पिशवीत भरून न्या. काढ्याची उरलेली वेलसुद्धा. डॉक्टरांसमोर ठेवून म्हणा, "हे आई रोज घेत होती, आता बंद केलं आहे, यकृत तपासून घ्या." सोबत एका कागदावर कधी सुरू केलं, किती घेतलं, तेवढं लिहा, म्हणजे बोलायला दोन मिनिटंच लागतील. पुन्हा चिडले तर तिथल्या केमोच्या सिस्टरना दाखवा, त्या फाइलला नोंद करतात आणि डॉक्टरांपर्यंत पोचवतात.

आणि मामींना कामाला लावा. त्यांना काहीतरी करायचं आहे, नुसतं बघत बसवत नाही, म्हणून हे सगळं चाललं आहे. संध्याकाळी ऊन उतरलं की आईला घेऊन चालायला जाणं त्यांच्याकडे द्या. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग पंधरा, जमेल तसं अर्ध्या तासापर्यंत. केमोनंतरचे पहिले दोन-तीन दिवस घरातल्या घरात. परत आल्यावर गरम मऊभात, तूप, मेतकूट. ताप मोजून वहीत लिहिणंही मामींकडेच.